ऐट, आराम आणि खर्च: पादत्राणं आणि कपडे पारखून घेण्याची पद्धत

बऱ्याच कपाटांत पैसा उलट्या जागी लागलेला असतो. वर्षातून चार वेळा निघणाऱ्या सँडलवर हात सैल सुटलेला असतो आणि रोज आठ-नऊ तास पायात असणारी जोडी मात्र 'चालतंय तोवर चालू दे' या खात्यात पडलेली असते. ऐट, आराम आणि स्वस्ताई एकाच जोडीत शोधत बसलं की तिन्हींत थोडं थोडं हुकतं. तोल साधायचा तो सगळ्या कपाटाचा मिळून, आणि त्याचं एकक आहे तास. जी वस्तू जास्त तास अंगावर किंवा पायात, तिच्यात पैसा आणि आराम. जी थोडे तास, तिच्यात हौस.

आरामावर मात्र घासाघीस नको. बूट पायाला बसतो किंवा बसत नाही, आणि ते मोजून कळतं. 'वापरून सैल होईल' हे दुकानात ऐकू येणारं सगळ्यात महागडं वाक्य आहे.

आधी तासांचा तक्ता

एक आठवडा रोज रात्री तीन गोष्टी लिहा: पायात काय होतं, किती तास होतं, आणि त्यातले उभं राहण्याचे आणि चालण्याचे तास किती. कपड्यांसाठीही तसंच. आठवडा संपला की कपाट उघडा आणि त्या कागदावर न आलेल्या जोड्या बाजूला काढा. त्या वाईट असतात असं नाही, पण त्यांच्यासारखी आणखी एक घेऊ नये एवढं कळतं.

आता खर्चाचं सूत्र. किंमत, त्यात दुरुस्ती आणि निगा मिळवा, आणि वापराच्या दिवसांनी भागा. सूत्र सोपं आहे, पण ते 'महागडी वस्तू शेवटी स्वस्त पडते' हे सांगण्यासाठी सर्रास वाकवलं जातं. खरा हिशेब असा: एक साधी जोडी ८५ दिवस टिकते असं धरा. दुसरी तिप्पट किमतीची आहे, आणि तिला टाचेचं रबर दोनदा बदलणं आणि एकदा हाफ सोल (तळाच्या पुढच्या अर्ध्या भागाला नवा थर) लावणं यात साध्या जोडीच्या अर्ध्या किमतीएवढा खर्च येईल. म्हणजे तिच्यावर साडेतीनपट पैसे जाणार. ती निदान ३०० दिवस टिकली तरच बरोबरी होते. तिचा तळ किंवा टाच बदलताच येत नसेल, तर एवढे दिवस निघणं अवघड. म्हणून किमतीची चिठ्ठी पाहण्याआधी विचारायचा प्रश्न हा: याची दुरुस्ती होते का?

रोजच्या कामासाठी एक उत्तम जोडी घेण्याऐवजी दोन बऱ्या जोड्या आलटून-पालटून वापरणं जास्त फायद्याचं. दिवसभराचा घाम आतल्या अस्तरात आणि तळव्याखालच्या थरात मुरतो आणि तो सुकायला साधारण चोवीस तास लागतात. ओला बूट दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला की अस्तर लवकर फाटतं, डिंक सुटतो आणि वास मुरतो.

समारंभाच्या जोडीसाठी स्वतःला विचारा: येत्या तीन वर्षांत ही किती वेळा निघेल? उत्तर दहाच्या आत असेल तर ती स्वस्तात घ्या, मैत्रिणीची घ्या किंवा भाड्याने मिळत असेल तर भाड्याने घ्या. फॅशनची ताजी लाट अंगावर घ्यायची तीही याच खात्यात.

पायाचं माप: लांबी हे अर्धंच उत्तर

'मला ३८ लागतो' असं आपण म्हणतो, पण तो आकडा लास्टवरून येतो. लास्ट म्हणजे ज्या साच्यावर बूट ओढून बेततात तो. प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि एकाच कंपनीच्या पंप्सचा (बिनबंदाचे, खोल गळ्याचे बूट) आणि स्नीकरचाही वेगळा. शिवाय युरोपीय क्रमांकाची पायरी ६.६७ मिलिमीटरची (सेंटीमीटरच्या दोन तृतीयांश) आणि ब्रिटिश क्रमांकाची ८.४७ मिलिमीटरची (इंचाच्या एक तृतीयांश). दोन्ही पट्ट्यांचे टप्पेच जुळत नाहीत, म्हणून रूपांतराचे तक्ते नेहमी जवळपासचंच उत्तर देतात. स्वतःचा पाय मिलिमीटरमध्ये माहीत असला की हा घोळ बराच मिटतो.

१. संध्याकाळी मोजा. दिवसभर उभं राहून आणि बसून पाय फुगलेले असतात. सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो तो याच कारणाने.

२. भिंतीलगत जमिनीवर कोरा कागद चिकटवा. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभ्या राहा. बसून मोजू नका. वजन पडलं की पायाची कमान थोडी सपाट होते आणि पाय लांबतो.

३. पेन्सिल सरळ उभी धरून कुणाकडून तरी रेघ मारून घ्या. स्वतः वाकलात तर वजन पुढे सरकतं आणि माप बिघडतं.

४. चार मापं लिहा: टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत (ते अंगठ्याशेजारचं बोटही असू शकतं), चवड्याची सर्वांत जास्त रुंदी, त्याच जागी टेपने घेर, आणि टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेल्या सांध्यापर्यंतचं अंतर.

५. दोन्ही पाय मोजा. ते सहसा थोडे कमी-जास्त असतात. खरेदी मोठ्या पायाची.

चौथं माप कुणी घेत नाही, आणि गडबड तिथेच असते. दोघींची लांबी २४० मिलिमीटर आहे, पण एकीची बोटं लांब आहेत म्हणून सांधा १६८ वर येतो, दुसरीची आखूड म्हणून १७८ वर. बूट मात्र एकाच जागी वाकतो. सांधा त्या जागेच्या पुढे-मागे पडला की वरच्या कातड्याची घडी बोटांवर रुतते, आतला कमानीचा उंचवटा भलत्या ठिकाणी टोचतो आणि 'क्रमांक बरोबर आहे तरी त्रास होतो' अशी तक्रार येते. बुटाची सर्वांत रुंद जागा आणि तुमचा हा सांधा एका रेषेत आला पाहिजे. लांबीवरून एक क्रमांक येत असेल आणि सांध्यावरून मोठा, तर मोठा घ्या.

रुंद पायाला एक क्रमांक मोठा घेणं हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत चुकीचा उपाय आहे. लांबी वाढते, त्या मानाने चवड्याची रुंदी फारच थोडी वाढते. वाकण्याची जागा पुढे सरकते, टाच निसटायला लागते, आणि ती धरून ठेवायला बोटं आकसून घ्यावी लागतात. रुंद लास्टचा बूट शोधा, किंवा वर बांधता येणारी, पट्टा सैल करता येणारी घडण घ्या.

वयाप्रमाणे पाय पसरतात, आणि बाळंतपणानंतर अनेकींचा पाय कायमचा थोडा लांब होतो. दोन वर्षांपूर्वीच्या मापावर विसंबू नका.

टाचेची उंची आणि उतार

पायाला टाच किती उंच याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. टाच चवड्यापेक्षा किती उंच याच्याशी असतं. ९० मिलिमीटरच्या टाचेला पुढे ३० मिलिमीटरचा प्लॅटफॉर्म असेल तर पायाला जाणवणारी चढण ६० ची. आरशात मात्र ९० दिसते. उंची हवी असेल तर हा सरळ सौदा आहे, पण फुकटचा नाही: जाड पुढचा तळ वाकत नाही, जमीन जाणवत नाही, आणि उंचीमुळे घोटा मुरगळण्याची भीती वाढते. शिवाय तीच ७० मिलिमीटरची टाच ३५ क्रमांकात जास्त उभी असते आणि ४१ मध्ये कमी, कारण उतार पडायला लांबी मिळते. उंच मैत्रिणीला जमलेली टाच लहान पायाला जमेलच असं नाही.

चढण वाढते तसं वजन टाचेवरून चवड्यावर सरकतं. दिवसभर उभं राहायचं असेल तर १ ते ३ सेंटीमीटर, बसून काम असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत रुंद टाच. ७ च्या वरची टाच काही तासांपुरती ठेवावी. वर्षानुवर्षं उंच टाचा घालणाऱ्यांच्या पोटरीचे स्नायू आखूड होतात आणि टाचेमागची शीर ताठर होते. म्हणून त्यांना एकदम सपाट चप्पल घातली की उलट जास्त दुखतं. उंची टप्प्याटप्प्याने, दर काही आठवड्यांनी एक-दीड सेंटीमीटर उतरवा.

आणि पातळ तळाची बॅलेरिना (बिनटाचेचा, सरळ पाय घालायचा बूट) म्हणजे आरामाची, हा निव्वळ गैरसमज. कागदाएवढा तळ, कमानीला आधार नाही, टाचेखाली गादी नाही, आणि बूट पायावर राहतो तो फक्त काठातल्या इलॅस्टिकच्या जोरावर. पर्समध्ये ठेवायला ठीक, दिवसभर फरशीवर चालायला नाही.

ऐट उंचीतूनच येते असंही नाही. बोटांचं मूळ किंचित दिसेल इतका खोल गळा असलेला बूट पाय लांब दाखवतो; घोट्याभोवतीचा जाड गडद पट्टा तोच पाय तिथे कापतो. त्वचेच्या किंवा विजारीच्या रंगाचा बूट रेघ पुढे नेतो. निमुळत्या टोकाची दोन सेंटीमीटर टाचेची जोडी हे सगळं करते. फक्त निमुळतेपणा बोटं संपल्यावर सुरू झाला पाहिजे, बोटांवर नाही. हे तपासायला पायाचा काढलेला नकाशा कापून घ्या आणि बुटाच्या तळावर ठेवा. कागद जिथे बाहेर डोकावतो तिथे बोट दाबलं जाणार. करंगळीकडच्या बाजूला अर्धा सेंटीमीटर कागद बाहेर आला, तर तो बूट कितीही सुंदर असला तरी कपाटात बसण्यासाठीच विकत घेतला जाईल.

हातात घेऊन पारखताना

पायात घालण्याआधी बूट दोन मिनिटं हाताळा.

सपाट टेबलावर ठेवून पाठीमागून पाहा. टाच अगदी उभी हवी, आत किंवा बाहेर झुकलेली नको. वरून बोटाने हलकं ढकला. बूट डुगडुगला तर टाच वाकडी बसवली आहे. टाच पायाच्या टाचेच्या हाडाच्या मध्याखाली यावी. अगदी मागच्या टोकाला लावलेली टाच दिसायला झोकदार, पण वजन पडलं की मागे कलते.

मग पुढचं टोक दाबून वाकवा. बूट चवड्याच्या जागी वाकला पाहिजे. मधोमध, कमानीखाली दुमडला तर तो परत ठेवा. टाचेच्या बुटात कमानीखाली शँक नावाची ताठ पट्टी असते, बहुधा पोलादाची. टाच आणि चवडा यांच्यामधला पूल तीच धरून ठेवते. अंगठ्याने कमानीखाली जोर द्या. तिथे दबलं तर पट्टी कच्ची आहे, आणि काही आठवड्यांत टाच मागे पसरायला लागेल. दोन्ही टोकं धरून पिळूनही पाहा. थोडा पीळ ठीक, फडक्यासारखा पिळला जात असेल तर चालताना तोलाचं सगळं काम तुमच्या घोट्याला करावं लागेल.

आता हात आत घाला. बोटं पुढपर्यंत फिरवा: शिवणीची गाठ, खिळ्याचं टोक, डिंकाचा गोळा, अस्तराची सुरकुती. हाताला जे जाणवतं ते पायाला दुप्पट जाणवेल. टाचेमागचा भाग चिमटीत धरून दाबा. तो घट्ट हवा, पण वरची कड मऊ. कडक आणि उंच कड हेच टाच सोलण्याचं पहिलं कारण.

सँडल असेल तर प्रत्येक वादी जोराने ओढा. वादी तळाच्या दोन थरांमध्ये खोल गेलेली असावी. कडेला नुसती चिकटवलेली असेल तर पहिल्या पावसात हातात येते. मागच्या पट्ट्यात इलॅस्टिक असेल तर ते ताणून सोडा, लगेच पूर्ववत झालं पाहिजे.

पैसा नेमका कशात जातो

पैसे कमी असतील तर वरच्या कातड्यापेक्षा आतल्या अस्तराकडे पाहा. बाहेरून चमकदार चामडं आणि आत प्लास्टिकचा थर असला तर घाम मुरत नाही, पाय घसरतो आणि फोड येतात. बाहेर साधं कृत्रिम कापड आणि आत चामड्याचं किंवा चांगल्या कापडाचं अस्तर, हे उलट कितीतरी बरं. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर भाळू नका. तो एवढंच सांगतो की चामडं आहे, कुठल्या प्रतीचं ते नाही. खालच्या थराच्या स्प्लिट चामड्यावर प्लास्टिकचा लेप दिलेला असला तरी तो शिक्का बसतो, आणि वाकण्याच्या जागी तो लेप तडकतो. कापलेली कड पाहायला मिळाली तर बघा: तंतू दिसले तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर कृत्रिम.

तळाचं साहित्य विचारून घ्या. रबर जड पण टिकाऊ आणि ओल्या फरशीवर पकड देणारं. ईव्हीए (एक प्रकारचा फोम) हलकं आणि मऊ, पण दबून बसतं. काही महिन्यांनी कडेला आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या की त्याची उसळी संपली समजा. चामड्याचा तळ देखणा, पण पाण्यात लवकर झिजतो. नवा असतानाच पुढे पातळ रबराचा थर लावून घ्यावा.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, याचा स्वभाव वेगळा आहे. तो आरामशीर असतो, चांगला चालतो, आणि एके दिवशी कपाटातून काढल्यावर पावाच्या चुऱ्यासारखा गळून पडतो. वापरलाच नव्हता, मग फुटला कसा, असं वाटतं. हवेतला दमटपणा या पदार्थाच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत असतो. उष्ण, दमट, बंद जागेत ते लवकर होतं. काही वर्षांनी होणारच, आणि डिंकाने जोडून उपयोग होत नाही. जपून ठेवायच्या, क्वचित घालायच्या जोडीला पीयूचा तळ नको. रोजच्या जोडीला चालेल, कारण ती त्याआधीच झिजलेली असते. पीयूचा लेप दिलेल्या पर्स आणि जॅकेट सोलून निघतात त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं.

तळ शिवलेला की चिकटवलेला, यावर मोठमोठ्या चर्चा होतात. गुडइयर वेल्ट पद्धतीचा, म्हणजे कडेच्या पट्टीला शिवलेला तळ पुन्हा बदलता येतो, पण तो बूट जड आणि सुरुवातीला ताठ असतो. महिलांच्या हलक्या बुटांत बहुतेक तळ चिकटवलेलेच असतात आणि त्यात काही वावगं नाही. कडेने नख फिरवा. कुठे फट लागली नाही म्हणजे झालं.

घालून पाहताना

दोन्ही पाय घाला, उभ्या राहा, आणि किमान दहा मिनिटं घालवा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. गालिच्यावरून उतरून कडक फरशीवर चाला. गालिचावर सगळेच बूट चांगले वाटतात. पायऱ्या असतील तर उतरून बघा, कारण उतरताना पाय पुढे सरकतो आणि तोकडा बूट तेव्हाच पकडला जातो. जे मोजे किंवा स्टॉकिंग वापरणार तेच घाला.

पंप्समध्ये मागे फट पडली की बऱ्याच जणी लहान क्रमांक मागतात. बहुतेक वेळा टाच सैल नसते, पाय उतारावरून पुढे घसरलेला असतो. लहान क्रमांकाने फट बुजते आणि बोटं चेपतात. चवड्याखाली न घसरणारी पातळ गादी लावून पाहा. पाय जागेवर राहिला की फट आपोआप जाते.

ऑनलाइन घेताना मिलिमीटरचा तक्ता देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या आणि परताव्याची मुदत आधी वाचा. आलेला बूट संध्याकाळी, घरात, स्वच्छ चादरीवर घालून पाहा, म्हणजे तळाला ओरखडा येणार नाही. ग्राहकांच्या शेऱ्यांत तारे मोजण्यापेक्षा 'रुंद पाय', 'अर्धा क्रमांक लहान', 'तीन महिन्यांनी' असे शब्द शोधा.

मधुमेह असेल किंवा पायाची संवेदना कमी असेल तर 'सवय होईल' हा प्रकारच नको. रुतलेलं कळत नाही, आणि साधा फोड जखम बनतो. रोज घालण्याआधी आत हात फिरवा, आणि कुठे लाली दिसली तर ती जोडी बंद करून डॉक्टरांना पाय दाखवा.

कपड्यांचा हिशेब

बूट आणि विजार एकत्र ठरवाव्या लागतात. रुंद पायाची विजार बुटासह जमिनीपासून एक-दीड सेंटीमीटर वर असावी. म्हणजे सपाट चपलेसाठी दुमडलेली विजार टाचेवर आखूड दिसते आणि टाचेसाठी बेतलेली सपाट चपलेवर फरशी पुसते. टाचांच्या उंचीतला अगदी थोडा फरक खपून जातो. म्हणून रोजच्या सगळ्या जोड्यांच्या टाचा साधारण एकाच उंचीच्या ठेवल्या तर सगळ्या विजारी सगळ्यांवर चालतात. कपाटातला निम्मा गोंधळ या एका निर्णयाने कमी होतो. दुमड घालायला शिंप्याकडे जाताना ती जोडी सोबत न्या, आणि सुती विजार असेल तर आधी एकदा धुऊन न्या.

नवा कपडा घेताना काय दुरुस्त होतं आणि काय नाही, हे माहीत हवं. उंची, कमरेचा घेर, बाहीची लांबी, बाजूची शिवण आत घेणं, ही कामं सोपी. खांद्याची जागा, मुंढा आणि विजारीची बैठक यांना हात लावायचा म्हणजे कपडा उसवून नव्याने शिवणं, आणि इतकं करूनही तो क्वचितच नीट बसतो. म्हणून खांदा बसतो तो कपडा निवडा आणि बाकीचं शिंप्यावर सोडा. सैल करून घ्यायचा असेल तर आतून शिवणीत किती कापड सोडलंय ते पाहा. दीड-दोन सेंटीमीटर असेल तरच वाव आहे.

कापड तपासायला दुकानात एवढं पुरतं: मुठीत दहा सेकंद दाबून सोडा, चुरगळ तशीच राहिली तर दिवसभर बसल्यावर मांडीवर तेच दिसणार. उजेडासमोर धरा, विरळ-दाट पट्टे दिसले तर विणकाम हलकं. ओल्या पांढऱ्या रुमालाने आतून घासा. रंग उतरला तर तो धुण्यात बाकीच्या कपड्यांना लागेल आणि चामड्याच्या फिकट पर्सलाही. शिवणीत सेंटीमीटरला चार-पाच टाके असावेत. मग घालून बसा, हात वर करा, वाका.

जीनमध्ये एक-दोन टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलं तर बसायला बरं. त्याचं प्रमाण वाढत गेलं की गुडघ्यांवर कापड लवकर फुगून राहतं. व्हिस्कोज अंगावर सुंदर पडतं, पण ओलं झालं की अशक्त होतं आणि आकसतं. हलक्या हाताने धुवा, पिळू नका. पॉलिस्टर-मिश्रित विणकामावर गोळे येतात आणि ते गळून न पडता चिकटून राहतात, कारण आतला कृत्रिम धागा तुटत नाही. लेबलवर 'फक्त ड्रायक्लीन' असेल तर तो खर्च सूत्रात दर काही वापरांमागे मिळवा. स्वस्तात मिळालेलं जॅकेट तिथेच महाग होतं.

पैसा कुठे जावा? रोजची गडद विजार, आतले कपडे, कोट किंवा जॅकेट यांत. रंगीत टॉप, ओढणी, पट्टे, कानातलं यांत हौस करा. कपाटातल्या किमान तीन गोष्टींवर जात नसेल असा कपडा घेऊ नका. एकट्या कपड्यामागे जुळणी म्हणून आणखी दोन वस्तू येतात आणि हिशेब तिथे फसतो.

चावणारा बूट: काय सुटतं, काय नाही

दुखण्याची जागा कारण सांगते. टाचेमागे सोललं तर कड कडक आहे. आतून मऊ पट्टी लावा किंवा दुरुस्तीवाल्याकडून कड ठोकून मऊ करून घ्या. करंगळीला घट्टा पडतोय तर टोकाचा आकार चुकीचा. खरं चामडं स्ट्रेचरवर (बूट आतून ताणणारा साचा) थोडंसं रुंद होतं. कृत्रिम जवळजवळ नाहीच. लांबी कुठल्याच बुटाची वाढत नाही. अंगठ्याचं नख काळं पडत असेल तर बूट तोकडा आहे किंवा पाय घसरतोय.

हेअर ड्रायरने तापवून सैल करण्याची युक्ती चिकटवलेल्या बुटांवर करू नका. उष्णतेने डिंकच मऊ पडतो. जाड मोजे घालून घरात रोज अर्धा तास वापरणं हळू आहे, पण सुरक्षित आहे.

चवडा जळत असेल तर गादी लावण्याची जागा महत्त्वाची. ती दुखऱ्या हाडाखाली लावली की दाब वाढतो. हाडाच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला लावायची, म्हणजे हाड उचललं जातं. नेमकी जागा शोधायला दुखऱ्या बिंदूवर थोडी लिपस्टिक लावा, बुटात पाय ठेवून उभ्या राहा आणि पाय काढा. आत ठसा उमटतो. गादीची पुढची कड त्या ठशाच्या मागे येईल अशी चिकटवा. काही दिवस वापरून आराम नाही, बोटं बधिर होतात किंवा सकाळी पहिल्या पावलाला टाच ठणकते, तर गाद्या बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

निगा आणि निवृत्ती

टाचेच्या टोकाचं रबर दोन-तीन मिलिमीटर उरलं की बदला. आतला खिळा दिसू लागला तर गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो, आणि टाचेचा दांडाच झिजायला लागला तर पाच मिनिटांचं काम टाच बदलण्यावर जातं. भिजलेला बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका. आतला तळवा काढा, कागदाचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला आणि हवेशीर सावलीत वाळू द्या. चामड्याला महिन्यातून एकदा थोडं क्रीम पुरतं. जास्त लावलं तर ते ढिलं पडतं. सुएडला (मखमलीसारख्या लवेच्या चामड्याला) पाणी नको, कोरडा ब्रश.

दर सहा महिन्यांनी रोजची जोडी त्याच सपाट टेबलावर ठेवून मागून पाहा. बूट एका बाजूला कलला असेल, टाचेमागचा भाग दाबल्यावर कोलमडत असेल, किंवा तळाची नक्षी चवड्याखाली गुळगुळीत झाली असेल तर ती जोडी कामावरून काढा. नवा सोल लावण्याचा खर्च नव्या जोडीच्या निम्म्याहून कमी असेल आणि वरचा भाग धडधाकट असेल तरच दुरुस्ती करा. वरचा भाग वाकण्याच्या जागी तडकला असेल तर तळ कितीही चांगला असो, त्यावर पैसे घालू नका. बक्कल आणि चांगल्या लेस तेवढ्या काढून ठेवा.